भरपूर रक्ताची बाई

धंतोलीतल्या डॉक्टरांनी माझ्या रक्ताचा रिपोर्ट वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "वा! या वयात इतकं हिमोग्लोबिन? बाई, तुमचं रक्त तर एकदम छान आहे." त्यांना वाटलं असेल, ही आता खूश होईल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "डॉक्टर, ते छान-बिन राहू द्या. मी घोरते."

दार उघडं होतं. बाहेर बाकावर बसलेल्यांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. माझा नवरा मान खाली घालून हातातली छत्री न्याहाळायला लागला. मी तिकडे लक्षच दिलं नाही. "आणि झोपेत माझा श्वास थांबतो की नाही, ते यांना विचारा. सांगा हो, लाजता काय?" डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा हातात घेतला. या खेपेला ते छान म्हणाले नाहीत.

लोक मला फटकळ म्हणतात. असेन. पण माझी आई या 'छान' शब्दापायी गेली, आणि गेली तेव्हा ती सगळ्यांशी फार नीट वागत होती. नीट वागण्याचा मला तेव्हापासून राग आहे.

आई मिरचीसाठी नावाजलेल्या भिवापूरची. बाबांचं नागपुरात इतवारीत मिरची-मसाल्याचं दुकान होतं आणि महाल भागात आमचं दोन खोल्यांचं घर, पुढे पडवी, मागे अंगण. दुकानातली मिरची निवडायला घरी यायची. अंगणात लालभडक ढीग पडलेला असायचा आणि आई त्याच्याजवळ पाट घेऊन देठ खुडत बसायची. आई अंगानं भरलेली, मान आखूड, आणि चेहरा असा लालबुंद की शेजारणी चिडवायच्या, "काय वं, माहेरची मिरची गालाले लावून येते का?" आई हसायची. तिला ते कौतुक वाटायचं. आमच्या गल्लीतल्या बाकीच्या बायका पांढऱ्याफटक, उठता-बसता चक्कर येणाऱ्या, आणि त्यांच्यात आमची आई टवटवीत दिसायची.

फक्त तिला झोप यायची. कुठेही यायची. बोलता बोलता वाक्य अर्धं राहायचं आणि मान छातीवर. तांदूळ निवडताना, देवळात कीर्तनात, एकदा तर हळदी-कुंकवाला समोरचीच्या कपाळाला बोट लावता लावता. मिरचीच्या ढिगावर तिला डुलकी लागायची आणि जाग आली की ती सवयीनं त्याच हातांनी डोळे चोळायची. मग जी बोंब व्हायची! मी धावत जाऊन तांब्यानं पाणी मारायची. आग कमी झाली की आई नाक शिंकरत म्हणायची, "चाल, मिरचीनं तरी जागी केली बाप्पा मले." मी हसायची. मी लहान होते, मला ती गंमत वाटायची.

सकाळी मात्र तिला गंमत नसायची. उठायची ती डोकं धरूनच. कपाळाला सुंठीचा लेप लावून वरून बाबांचा जुना पंचा करकचून बांधायची आणि तशीच चुलीपुढे बसायची. "रातभर झोपली ना वं तू?" मी विचारायची. ती म्हणायची, "झोपली तं. पण झोपून उठल्यावानी वाटतच नाही."

आता ती घोरायची ते सांगते. पुरुष घोरतो तेव्हा कुणाला काही वाटत नाही. बाबांचे काका घोरायचे तर लोक कौतुकानं सांगायचे, दोन घरं सोडून ऐकू येते म्हणून. पण बाई घोरली की झालं! आईला त्याची इतकी शरम की ती कुणाकडे मुक्कामाला जायची नाही. भावाच्या लग्नाला भिवापूरला गेली तर बायकांमध्ये आडवी म्हणून झाली नाही, भिंतीला टेकून बसून राहिली. बाबा पुढे पडवीत खाटेवर झोपायचे. आत आई, मी आणि माझी धाकटी बहीण.

बाबांना तिचं घोरणं ऐकू यायचं. पण मधलं जे होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं, कारण ते ऐकू येण्यासारखं नव्हतं. घोरता घोरता आई एकदम गप्प व्हायची. श्वासच नाही. छाती हलायची, पोट हलायचं, पण नाकातोंडातून काही नाही. मी शेजारी असायची. मी तिचा खांदा धरून हलवायची, मग ती हुंदका दिल्यासारखा मोठा श्वास घ्यायची आणि पुन्हा घोरणं सुरू. त्या घोरण्यानं मला हायसं वाटायचं. माझ्यासाठी आईचं घोरणं म्हणजे सगळं ठीक असणं. ती गप्प झाली की माझा जीव घाबरायचा. पुढे धाकटीलाही मी ते शिकवलं, खांदा कसा हलवायचा ते. आम्हा दोघींना वाटायचं, सगळ्यांच्याच आया अशा झोपतात.

एकोणीसशे साठनंतरच्या कुठल्यातरी वर्षी बाबांनी मनावर घेतलं. बाबा वाईट माणूस नव्हते हो, उलट जीव होता त्यांचा तिच्यावर. त्यांना वाटलं, बाईमाणूस थकते, झोपते, डोकं धरते, म्हणजे रक्त कमी असणार. ते तिला सीताबर्डीवर रक्त तपासायला घेऊन गेले. मलाही नेलं. तिथल्या माणसानं आईच्या बोटाला सुई टोचली, रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि त्यात थेंब थेंब पाणी घालत शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायला लागला. रंग जुळला की पाणी कुठवर चढलं ते पाहायचं, एवढाच तो हिशेब. पाणी चढत गेलं तरी रंग काही जुळेना. त्यानं दुसऱ्याला हाक मारली. दोघांनी नळी उजेडाकडे धरली. मग तो बाबांना म्हणाला, "अठराच्या वर आहे साहेब. इतकं तर पहलवानालाही नसते. काही काळजी नका करू, बाईंचं रक्त भरपूर आहे."

बाबांनी येताना पेढे घेतले. घरी आल्यावर बाबांची मोठी बहीण, म्हणजे आमची आत्या, तिला बोलावून सांगितलं. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि आमच्या घरात तिचा शब्द चालायचा. आत्यानं पेढा तोंडात टाकला आणि म्हणाली, "मंग झालं तं! मी म्हणतच होती. खाऊन-पिऊन धडधाकट आहे, फक्त आंग चोरून राहिली."

तिथून सगळं फिरलं. आधी आई झोपली तर लोक म्हणायचे थकली असेल. आता झोपली तर आळशी. दुसऱ्याच दिवशी तिनं डोक्याला पंचा बांधला तर बाबा म्हणाले, "आता कायचं डोकं दुखते वं तुह्यं? रक्त तं भरपूर आहे." चिडून नाही, अगदी समजुतीनं म्हणाले. आईनं पंचा सोडला आणि घडी करून ठेवला. त्यानंतर मी तिला सगळ्यांसमोर डोकं बांधताना पाहिलं नाही. आजारी असूनही आजारी नसल्याचा शिक्का त्या अठरानं तिच्यावर मारला. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे की तिनंही ते खरं मानलं. एकदा मला म्हणाली, "असंन वं, मीच आळशी असंन. देवानं इतकं रक्त देल्लं आणि मले उठवत नाही."

मग आत्याचं ऑपरेशन निघालं. रक्ताच्या बाटल्या लागणार होत्या. रक्त द्यायचं म्हटल्यावर आमचे सगळे धडधाकट नातेवाईक कुठे गडप झाले कोण जाणे. एकाची पाठ धरली, एकाला गावी जायचं होतं. आत्या पलंगावरून आईला म्हणाली, "तुले तं पुष्कळ आहे वं." आई उठली आणि देऊन आली.

आणि काय सांगू, त्यानंतर काही दिवस आई वेगळीच बाई झाली! सकाळी डोकं दुखेना. अंगणात मिरची निवडताना चक्क गाणं म्हणायची. दुपारी जागी राहून माझ्या डोक्याला तेल लावून द्यायची आणि माहेरच्या गोष्टी पुऱ्या करायची, अर्ध्यावर न सोडता. शाळेतून आल्यावर जागी आई दिसण्याची चैन मला तेवढ्याच दिवसांत मिळाली. आत्या मात्र बरी झाल्यावर सांगत सुटली, "हिचं रक्त भरलं तवापासून मले भी झोप येऊन राहिली बाप्पा!"

हळूहळू पुन्हा पहिल्यासारखं झालं. एका सकाळी आई बाबांना चाचरत म्हणाली, "अवो, मी पुन्हा रक्त देऊन येऊ का? मले बरं वाटलं होतं." बाबा चकितच झाले. तेव्हा मोठ्या दवाखान्याच्या फाटकाशी रक्त विकणारी माणसं बसलेली असायची, दारूसाठी विकतात म्हणून लोक त्यांच्याकडे बोट दाखवायचे. बाबा म्हणाले, "वेडी झाली का? इतवारीत लोक म्हणतीन, दुकान चालत नाही म्हणून बायकोचं रक्त विकून राहिला. आणि रक्त देऊन कोणाले बरं वाटते?" आईनं पुन्हा विचारलं नाही.

माझं लग्न झालं, मी सासरी गेले. नागपुरातच, पण सासर ते सासर. खांदा हलवायचं काम धाकटीकडे आलं. पंचाहत्तरच्या आसपास आईचे पाय सुजायला लागले. ओठ जांभळट दिसायचे. पडवीची पायरी चढली तरी धाप. शेवटी दवाखान्यात ठेवावं लागलं.

तिथे एक तरुण डॉक्टर होता. पोरगेलासाच, पण आईकडे बघून थांबणारा तो पहिला माणूस. त्यानं रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला आणि बाबांना बोलावलं. बाबा म्हणाले, "रक्त तं हिचं आधीपासून भरपूर आहे." डॉक्टर म्हणाला, "काका, तेच तर वाईट आहे. तुमचं दुकान आहे ना? तुमचा माल हमाल वाहतात, तशी रक्तातली लाल पेशी हवा वाहते. यांच्या शरीराला हवा कमी पडून राहिली, म्हणून शरीर हमाल वाढवत बसलं. आता हमालच इतके झाले की गल्लीत गर्दी झाली. रक्त घट्ट झालं, हृदय थकलं." मिरचीवाल्याला यापेक्षा सोपं कुणी काय सांगणार? डॉक्टरनं आईचं थोडं रक्त काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी आई उठून बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मी म्हणत नव्हती?"

पण हवा कमी का पडते, ते त्याला शोधायचं होतं. तो पुन्हा आला तेव्हा आईच्या पलंगाजवळ पाहुणे बसले होते. धाकटीचं लग्न जवळच्या मौदा गावातल्या एका घरी ठरलं होतं, आणि तिची होणारी सासू आईला बघायला आली होती. काठापदराचं लुगडं, मांडीवर संत्र्यांची पिशवी. डॉक्टरनं सगळ्यांसमोरच विचारलं, "काकू, तुम्ही घोरता का? झोपेत मधेच श्वास थांबतो का?"

आईचा लाल चेहरा आणखी लाल झाला. बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. धाकटी पलंगाच्या पायाशी उभी होती, ती माझ्याकडे बघून डोळ्यांनीच नको नको म्हणत होती. आई म्हणाली, "नाही बा."

मी म्हटलं, "डॉक्टर, घोरते. आणि श्वास थांबतो. मी लहानपणापासून हलवून जागी करते तिला."

"काही बोलते ही!" आई हसून म्हणाली. इतकं गोड हसली की मीच खोटी ठरले. "लग्न होऊन किती वर्षं झाली हिले. हिले काय माहीत मी कशी झोपतो? इचारा ना यायले."

डॉक्टरनं बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "नाही, तसं काही नाही." आणि सासूबाईंनी मान डोलावली, जणू एक परीक्षा पार पडली.

डॉक्टरनं हातातल्या कागदावर काहीतरी खोडलं. मग विचारलं, घरी चूल आहे का. चूल होतीच. तो म्हणाला, मग धुरानं फुप्फुसं खराब झाली असतील, चूल बंद करा, आणि लिहून देऊन पुढच्या पलंगाकडे गेला. त्याला मी दोष देत नाही. त्यानं बरोबर दार ठोठावलं होतं. आतून आम्हीच कडी लावली.

पाहुणे गेल्यावर मी आईवर तुटून पडले. "काहून खोटं बोलली वं? जीवावर बेतलं तरी तुले लोकंच दिसतात?" आई माझा हात धरून हळूच म्हणाली, "तुले समजत नाही. घोरणाऱ्या मायची पोरगी घोरणारीच, असं म्हणन ती. मोडली सोयरीक तं? एकदा हिचं लगन होऊन जाऊ दे. मंग सांगू डॉक्टरले. मी काय आज मरून राहिली का?" मी संत्रं सोलून तिला दिलं.

बाबांनी हौसेनं गॅस आणला. महालातल्या आमच्या गल्लीत तो पहिलाच. शेजारणी बघायला आल्या, आईनं सगळ्यांना चहा करून दाखवला. बिनधुराच्या स्वयंपाकघरात, स्वच्छ हवेत, आई पूर्वीसारखीच बसल्याबसल्या झोपायची.

उन्हाळ्यात लग्न झालं. घरभर मौद्याकडच्या आणि आमच्या बायका, आणि त्यांच्यात आई आडवी झाली नाही. लग्नाच्या आदल्या रात्री बसून, लग्नाच्या रात्री बसून. पाय सुजून खांबासारखे झाले होते, पण जो भेटेल त्याला म्हणायची, "पोरीच्या लग्नात कोणाले झोप येते बाप्पा?" निघताना धाकटी आईच्या गळ्यात पडून रडली, आणि मग माझ्या गळ्यात पडून कानात म्हणाली, "ताई, आईला आता कोण हलवणार?" मी म्हटलं, तू मांडव परतणीला येईस्तोवर मी इथेच आहे. तू जा. मी राहिले, आईशेजारी झोपले आणि हलवत राहिले.

मांडव परतणीला लेक नवऱ्यासोबत माहेरी येते, सोबत सासरची माणसं येतात. आईनं स्वतः उभं राहून पाटवडीचा रस्सा केला, पुरणपोळ्या केल्या, सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं. विहीणबाई म्हणाल्या, "इहीणबाई, चव आहे तुमच्या हाताले!" आई लाजली. सगळ्यांची पानं उठली तेव्हा मला म्हणाली, "थोडी पडतो वं. डोकं भल्लं दुखून राहिलं." आत गेली आणि दार लोटून घेतलं.

आम्ही पुढे पडवीत बसलो. आत्या विडे लावत होती. थोड्या वेळानं आतून घोरणं सुरू झालं. विहीणबाईंचा विड्याचा हात तोंडाशी थांबला. धाकटी पांढरी पडली. आत्या ताडकन उठून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायच्या नावाखाली पातेली आपटायला लागली. बाबा मोठमोठ्यानं बोलायला लागले, यंदा भिवापूरच्या मिरचीला कसा रंग आला, कसा उठाव आहे.

आणि मग आतलं घोरणं एकदम थांबलं.

मी उठले. बाबांनी माझं मनगट धरलं आणि खाली बसवलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. किती दिवसांनी मी त्यांना इतकं निवांत पाहिलं. माझ्या कानाशी वाकून ते म्हणाले, "नको उठवू वं तिले. किती दिवसाची झोप आहे. पाह्य, आज घोरत पण नाही."

"थकल्या असतीन बिचाऱ्या," विहीणबाई मायेनं म्हणाल्या. "झोपू द्या."

मी कान देऊन बसले. एरवी जो मोठा श्वास यायचा, तो येईना. मी मनगट सोडवून घेतलं आणि आत गेले. आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती, पदर नीट ओढून घेतलेला. मी तिचा खांदा धरून हलवला. मग पुन्हा हलवला. मग दोन्ही हातांनी. बाहेर बाबा व्याह्यांना आग्रह करत होते, घ्या, अजून एक विडा घ्या.